२०-हायड्रॉक्सीएक्डायसोनचे ईआयए किट: खेकडे-लॉब्स्टरच्या भ्रूणांवर कितपत भरवशाचे?

कवचधारी प्राण्यांच्या अंड्यांमधले कात टाकण्याचे संप्रेरक, म्हणजे २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन, मोजायचे म्हटले की बहुतेक प्रयोगशाळा ९६ खळग्यांच्या प्लेटवर चालणाऱ्या एन्झाइम इम्युनोअसे (ईआयए), म्हणजे अँटिबॉडी आणि एन्झाइमच्या रंगावरून मोजणाऱ्या, किटकडे वळतात. हे परीक्षण त्यातल्या ॲसिटाइलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम जोडलेला ट्रेसर (खूण लावलेले संप्रेरक) वापरणाऱ्या प्रकाराचे आहे, आणि तेही एकाच कामापुरते: लॉब्स्टर, खेकडे, कोळंबी आणि डॅफ्निया (पाणपिसू) यांच्या भ्रूणांसाठी. प्रौढ प्राण्याच्या रक्तद्रवावर हे किट उत्तम चालते, त्यावर वाद नाही. किटसोबतची पुस्तिकाही प्रामुख्याने तोच वापर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. अंडे हा मात्र वेगळाच मामला आहे. त्यात बलक आहे, चरबी आहे, रंगद्रव्ये आहेत, आईकडून आलेले संप्रेरक आहे आणि आत दर आठवड्याला बदलणारा जीव आहे.

निकाल आधीच सांगतो. किट घेण्यासारखे आहे. संवेदनशील आहे, किरणोत्सर्गी पदार्थ आणि त्यांचे परवाने लागत नाहीत, आणि नीट आखणी केली तर एका प्लेटवर पूर्ण भ्रूणकाळाचा आलेख निघतो. पण त्यातून येणारा आकडा भ्रूणाच्या डोळ्याच्या मापाशिवाय वाचण्यात अर्थ नाही. ज्या नमुन्याला नेत्र-निर्देशांक, म्हणजे डोळ्याच्या डागाचे माप, जोडलेला नाही, त्याच्यावर खळगे खर्च करू नयेत.

डोळा का मोजायचा

भ्रूणाचे वय दिवसांत सांगणे ही या क्षेत्रातली सर्वांत महाग पडणारी सवय आहे. अंड्यातली वाढ पाण्याच्या तापमानावर चालते. अमेरिकन लॉब्स्टरची मादी अंडी पोटाखाली साधारण नऊ ते बारा महिने बाळगते आणि थंडीच्या महिन्यांत भ्रूण जवळजवळ थांबल्यासारखा असतो. अशा वेळी ‘साठावा दिवस’ या नोंदीवरून आत नेमके काय चालले आहे ते काहीच कळत नाही.

डोळ्यातले रंगद्रव्य मात्र खरी अवस्था सांगते. पर्किन्स यांनी १९७२ मध्ये अमेरिकन लॉब्स्टरसाठी मांडलेला निर्देशांक अगदी साधा आहे: डोळ्यावरच्या काळ्या रंगद्रव्याच्या डागाची जास्तीत जास्त लांबी आणि रुंदी मायक्रोमीटरमध्ये मोजायची आणि दोन्हींची सरासरी काढायची. डाग प्रथम दिसतो तेव्हा निर्देशांक सत्तरच्या आसपास असतो, अंडे फुटायच्या वेळी तो साधारण ५६० पर्यंत पोहोचतो. तापमान स्थिर असेल तर मधली वाढ बरीच सरळ रेषेत जाते. म्हणूनच अंडी फुटण्याची तारीख काढायलाही हाच आकडा वापरतात.

याचा कातीशी थेट संबंध आहे. लॉब्स्टरचा भ्रूण अंड्यातच कात टाकतो. भ्रूणकाळाच्या सुमारे १२ टक्क्यांवर नॉप्लियस ही सुरुवातीची अवस्था संपून पुढची मेटानॉप्लियस अवस्था सुरू होते, आणि तिथपासून अंडे फुटल्यानंतरच्या पहिल्या कातीपर्यंत एक पूर्ण कात-चक्र अंड्याच्या आतच पार पडते. संप्रेरकाची पातळी या चक्राबरोबर वर-खाली होते. २०० निर्देशांकाची आणि ३५० निर्देशांकाची अंडी एकाच नळीत घातली तर शिखर आणि दरी यांची सरासरी निघते, आलेख सपाट होतो, आणि मग ‘भ्रूणात संप्रेरक फारसे बदलत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष कागदावर उतरतो. दोष किटचा नसतो.

आणखी एक गोष्ट. दहा पायांच्या कवचधारींमध्ये डोळ्याचा देठ फक्त पाहण्याच्या कामाचा नसतो. त्यातल्या एक्स-अवयव आणि सायनस ग्रंथीतून कात रोखणारे संप्रेरक सुटते आणि ते वाय-अवयव या ग्रंथीतली एक्डायस्टेरॉइडची (कात घडवणाऱ्या संप्रेरकांच्या कुळाची) निर्मिती दाबून धरते. चार्ल्स झेलेनी यांनी १९०५ मध्येच फिडलर खेकड्याचे नेत्रदेठ काढल्यावर दोन कातींमधला काळ घटतो हे दाखवले होते. भ्रूणात ही यंत्रणा डोळ्याच्या मज्जागुच्छांबरोबरच घडत जाते. म्हणजे डागाचे माप घेताना आपण नकळत नियंत्रणयंत्रणा कुठवर उभी राहिली आहे याचाही अंदाज घेत असतो. सुरुवातीच्या अंड्यात जे संप्रेरक सापडते ते आईच्या अंडाशयातून आलेले असते, उशिराच्या भ्रूणात ते त्याचे स्वतःचे असते. किटला दोन्ही सारखीच दिसतात. हा फरक डोळ्याच्या मापावरूनच करावा लागतो.

माप घेण्याची रीत

अंडी जिवंत असतानाच मोजा. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या भ्रूणांचे कॅरोटिनॉइड धुपून जातात आणि अंड्याचा आकार आक्रसतो, फॉर्मेलिननेही माप बदलते. साठवलेल्या अंड्यांचे आणि ताज्या अंड्यांचे निर्देशांक एकाच तक्त्यात कधीही घालू नयेत.

अंडे खोलगट काचेत, त्याच खारटपणाच्या थंड पाण्यात ठेवायचे आणि मऊ चिमट्याने फिरवून डोळा बरोबर वर आणायचा. इथेच सर्वाधिक चूक होते. डाग गोल पृष्ठभागावर चंद्रकोरीसारखा पसरलेला असतो. अंडे जरा कलले तरी लांबी तशीच राहते आणि रुंदी मात्र कमी भरते, म्हणजे निर्देशांक गुपचूप खाली येतो. एकाच अंड्याचे दोन्ही डोळे मोजून पाहिले की अंडे कललेले होते का ते लगेच कळते. दोन्हींत मोठा फरक असेल तर पुन्हा फिरवून माप घ्या. छायाचित्र काढून इमेजजे या मोफत प्रणालीत मोजले तरी चालते, फक्त प्रत्येक भिंगाचे मोजपट्टी-छायाचित्र त्याच दिवशी घेतलेले हवे.

एका मादीच्या अंड्यांपैकी दहा ते वीस मोजावीत आणि ती गुच्छाच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही भागांतून घ्यावीत, कारण आत प्राणवायू कमी पोहोचतो आणि तिथली अंडी मागे राहू शकतात. विखुरणी मोठी दिसली तर ती अंडी एकत्र न करता वेगळ्या नळ्यांत भरा.

निर्देशांकाच्या दोन मर्यादा आहेत. पहिली, रंगद्रव्य दिसण्याआधीच्या काळासाठी तो शून्य आहे, आणि त्या काळातही संप्रेरकाच्या घडामोडी असतात: युरोपियन लॉब्स्टरमध्ये भ्रूणाभोवतीची आवरणे स्रवली जाताना एक्डायस्टेरॉइडची पातळी उंच असल्याचे १९९० मधल्या कामात दिसले आहे. या काळासाठी उपांगांच्या कळ्या, नॉप्लियसची तीन जोड्या उपांगे आणि शेपटीकडचा उंचवटा यांवरून अवस्था ठरवावी लागते. दुसरी मर्यादा, ५६० हा आकडा लॉब्स्टरचा आहे. खेकड्याच्या वा कोळंबीच्या भ्रूणात डागाचे अंतिम माप वेगळे असते. तिथे आपल्या प्रजातीचे अंडे फुटतानाचे माप आधी काढून मगच टक्केवारी मांडायची. डॅफ्नियात तर लांबी-रुंदीचा हिशेब फारसा उपयोगी नाही. तिथे डोळ्याचे दोन वेगळे डाग, त्यांचे गडद होणे आणि पुढे एकत्र येऊन एकच डोळा बनणे, या पायऱ्यांवरून अवस्था लिहावी.

अर्क काढणे: खरी परीक्षा इथे

मोजणी संपली की अंडी टिपकागदावर हलकेच टिपून, मोजून नळीत घालायची आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायची. साठवण उणे ८० अंशांवर. लॉब्स्टरचे अंडे दीड-दोन मिलिमीटरचे असते, त्यामुळे वीस अंड्यांचा गट पुरेसा ठरतो. डॅफ्नियाची भ्रूणे इतकी लहान असतात की गट शेकड्यांत न्यावा लागतो.

अर्कासाठी मेथॅनॉल. बर्फावर वाटून, वीस अंड्यांना ५०० मायक्रोलिटर या हिशेबाने शुद्ध मेथॅनॉल घालायचे, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर दहा मिनिटे फिरवायचे, वरचा द्रव वेगळा घ्यायचा आणि गाळावर हेच आणखी दोनदा करायचे. तिन्ही अर्क एकत्र. एकाच फेरीवर थांबणारे बरेच जण आहेत, पण बलकाच्या प्रथिनांत अडकलेला भाग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत येतो.

मेथॅनॉल आम्लयुक्त करू नका. डोळ्यातली ओमोक्रोम रंगद्रव्ये आम्लयुक्त मेथॅनॉलमध्ये सहज विरघळतात आणि उशिराच्या अवस्थांचा अर्क लालसर होतो. प्लेट धुतल्यानंतरच रंग वाचला जातो, त्यामुळे अर्काचा रंग थेट वाचनात शिरत नाही. पण खळग्याच्या भिंतीला चिकटणारे काहीही पुढे अडचण करते, आणि वय वाढेल तसा डोळा मोठा होतो म्हणजे हा हस्तक्षेपही अवस्थेबरोबर वाढत जातो. असा पक्षपात आलेखात खऱ्या संप्रेरकासारखाच दिसतो, म्हणून तो अधिक घातक.

पुढची पायरी चरबी काढण्याची, आणि ती गाळण्याचा मोह होतोच. अर्कात पाणी घालून मेथॅनॉल ८० टक्क्यांवर आणा, तितकेच हेक्सेन घालून हलवा, थर वेगळे होऊ द्या आणि वरचा हेक्सेनचा थर काढून टाका. दोनदा करा. मुक्त एक्डायस्टेरॉइड खालच्या थरात राहतात, चरबी आणि नारिंगी कॅरोटिनॉइड वर जातात. ही पायरी न केलेल्या अर्कात चरबीचे सूक्ष्म थेंब अँटिबॉडीच्या बंधनात अडथळा आणतात. बंधन कमी झाले की रंग कमी येतो, आणि अशा स्पर्धात्मक चाचणीत (रचना पुढे दिली आहे) कमी रंग म्हणजे जास्त संप्रेरक. बलकाने भरलेल्या कोवळ्या अंड्यांत पातळी अवाच्या सवा दिसली तर पहिला संशय इथेच घ्यावा.

हेक्सेनच्या थरात मात्र एक गोष्ट गमावली जाते: एक्डायस्टेरॉइडचे मेदाम्लांशी जोडलेले रूप. आईकडून आलेल्या साठ्यात त्याचा किती वाटा आहे हा तुमचा प्रश्न असेल तर तो थर टाकू नका, यकृतातल्या एस्टरेजने तोडून वेगळा मोजा. पाण्यात विरघळणारी जोड-रूपे, म्हणजे फॉस्फेट आणि सल्फेट यांसारखी, किटला बहुधा दिसतच नाहीत. ती हेलिक्स पोमॅटिया या गोगलगायीच्या पाचकरसातील एन्झाइमांनी, साडेपाचच्या आसपासच्या पीएचवर ३७ अंशांत रात्रभर ठेवून तोडावी लागतात. तोडण्याआधीचा आणि नंतरचा आकडा यांतला फरक हीच जोड-रूपांची मात्रा. कोवळ्या अंड्यांसाठी हा जोड-प्रयोग न करता दिलेला आकडा अर्धवट समजावा.

अर्क आणखी शुद्ध करायला सी-१८ काडतूस (शोषक भरलेली छोटी नळी) वापरणार असाल तर अर्क २० टक्के मेथॅनॉलपर्यंत पातळ करून चढवा, त्याच मिश्रणाने धुवा आणि ६० टक्के मेथॅनॉलने उतरवा. मुक्त एक्डायसोन आणि २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन या भागात येतात. पोनास्टेरोन-ए हे कमी ध्रुवीय एक्डायस्टेरॉइड मागे राहू शकते, म्हणून त्याचा प्रमाणित नमुना चढवून ते कुठे उतरते हे एकदा पाहून घ्यावे.

शेवटी ४० अंशांपेक्षा कमी तापमानात नायट्रोजनच्या झोताखाली वाळवा आणि किटच्या बफरमध्ये विरघळवा. खळग्यात मेथॅनॉलचा अंश एक टक्क्याच्या वर राहिला तर अँटिबॉडी नीट काम करत नाही. दिसायला कोरडी झालेली नळीही दहा मिनिटे अधिक ठेवावी.

प्लेटचा दिवस

रचना समजली की पायऱ्या सोप्या आहेत. प्लेटच्या तळाशी दुसरी अँटिबॉडी आधीच बसवलेली असते. नमुन्यातले संप्रेरक आणि एन्झाइम जोडलेले संप्रेरक, म्हणजे ट्रेसर, मर्यादित अँटिबॉडीसाठी झगडतात. नमुन्यात संप्रेरक जितके जास्त तितका ट्रेसर कमी बसतो आणि पिवळा रंग फिका येतो.

या प्रकारच्या किटमध्ये साधारणपणे प्रत्येक खळग्यात ५० मायक्रोलिटर नमुना, ५० ट्रेसर आणि ५० अँटिसीरम (संप्रेरकाची अँटिबॉडी) असे जाते आणि प्लेट झाकून ४ अंशांवर रात्रभर ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी पाच वेळा धुणे, मग २०० मायक्रोलिटर एलमन द्रावण (एन्झाइममुळे पिवळे होणारे), अंधारात हलवत्या पट्टीवर तासभर ते दीड तास, आणि ४०५ ते ४१४ नॅनोमीटरवर वाचन. नेमके आकडे आपल्या किटच्या पुस्तिकेतलेच पाळावेत.

जागेचा हिशेब आधी मांडा. दोन कोरे खळगे, दोन अविशिष्ट बंधनाचे (अँटिसीरमशिवाय), तीन जास्तीत जास्त बंधनाचे (नमुन्याशिवाय), एक एकूण क्रियाशीलतेचा (फक्त ट्रेसरचा) आणि आठ प्रमाणित पातळ्या दुहेरी म्हणजे सोळा. झाले चोवीस. उरले ७२. प्रत्येक नमुना दोन विरलतांवर (पातळ करण्याच्या प्रमाणांवर) आणि प्रत्येक विरलता दुहेरी धरली तर प्लेटवर फक्त अठरा नमुने बसतात. ‘एका किटमध्ये छत्तीस नमुने’ हा हिशेब एकाच विरलतेचा आहे, आणि भ्रूणांसाठी एक विरलता पुरत नाही, कारण शिखरावरचा आणि दरीतला नमुना एकाच पट्ट्यात बसत नाहीत. प्रमाणित पातळ्यांच्या वक्राचा भरवशाचा भाग म्हणजे जास्तीत जास्त बंधनाच्या २० ते ८० टक्क्यांमधला. त्याबाहेरचे वाचन यंत्र देत असले तरी घेऊ नये.

ट्रेसर म्हणून ॲसिटाइलकोलिनएस्टरेज असण्याचे दोन फायदे जाणवतात. पहिला, सोडियम अझाइड घातलेले बफर चालते. पेरॉक्सिडेजवर बेतलेल्या किटमध्ये अझाइड सगळा रंगच मारून टाकतो. दुसरा फायदा खरोखर मोलाचा आहे: रंग उतरवताना गडबड झाली, द्रावण सांडले किंवा वाचन हुकले तर प्लेट पुन्हा धुऊन ताजे एलमन द्रावण घालता येते आणि रंग नव्याने येतो. रात्रभराची मेहनत वाया जात नाही. त्याच एन्झाइमची एक गंभीर बाजूही आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट कीटकनाशके नेमके हेच एन्झाइम बंद पाडतात. अशा कीटकनाशकाचा भ्रूणांवरचा परिणाम अभ्यासताना अर्कात त्याचा अंश राहिला तर ट्रेसर निकामी होऊ शकतो, रंग फिका येतो आणि संप्रेरक वाढल्याचा भास होतो. अशा अभ्यासासाठी हे किट मी सुचवणार नाही. पेरॉक्सिडेजचे घ्या, किंवा निदान त्याच मात्रेचे कीटकनाशक कोऱ्या बफरमध्ये घालून जास्तीत जास्त बंधनाच्या खळग्यात काय होते ते आधी बघा.

एलमन द्रावण त्याच दिवशी बनवायचे आणि प्रकाशापासून जपायचे. खळग्यात घालण्याआधीच ते ठळक पिवळे दिसत असेल तर टाकून द्या. जास्तीत जास्त बंधनाच्या खळग्याचे वाचन ०.३ च्या खाली असेल तर घाई करू नका, प्लेट पुन्हा अंधारात ठेवा. ते तासाभरानेही वर सरकले नाही तर बहुधा ट्रेसर मेलेला आहे किंवा धुताना पाणी जोरात मारले गेले आहे. दुहेरी खळग्यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कारण जवळजवळ नेहमी पिपेटचे किंवा धुताना उरलेल्या थेंबांचे असते. प्लेट उलटी करून टिपकागदावर आपटणे ही पायरी क्षुल्लक वाटते, पण आकडे त्यानेच सुधारतात.

किट नेमके काय मोजते

या भागाकडे खरेदीआधी सर्वाधिक लक्ष द्यावे. कवचधारींमध्ये वाय-अवयव एक्डायसोन, ३-डीहायड्रोएक्डायसोन आणि २५-डीऑक्सीएक्डायसोन यांसारखी पूर्वरूपे सोडतो. शरीरातल्या इतर ऊतींमध्ये त्यांच्या २० व्या कर्बावर हायड्रॉक्सिल गट बसतो आणि क्रियाशील संप्रेरके तयार होतात. त्यात २०-हायड्रॉक्सीएक्डायसोनइतकेच पोनास्टेरोन-ए महत्त्वाचे असू शकते. किनाऱ्यावरच्या कार्सिनस खेकड्याच्या भ्रूणांत पोनास्टेरोन-ए ठळकपणे सापडल्याची नोंद १९८० च्या दशकापासून आहे.

पोनास्टेरोन-ए मध्ये बाजूच्या साखळीतला २५ व्या कर्बावरचा हायड्रॉक्सिल नसतो. तुमच्या किटची अँटिबॉडी त्याला ओळखते का, हे ती बनवताना संप्रेरक वाहक-प्रथिनाला कोणत्या टोकाने जोडले होते त्यावर ठरते. ६ व्या कर्बावरून जोडले असेल तर अँटिबॉडी बाजूची साखळी पाहते, आणि त्या साखळीत बदल झालेले रेणू तिच्या नजरेतून सुटतात. २२ व्या कर्बावरून जोडले असेल तर ती वलयांचा भाग पाहते आणि बहुतेक एक्डायस्टेरॉइड सारख्याच जोमाने पकडते. खेकड्यांच्या भ्रूणांसाठी मी दुसऱ्या प्रकाराची अँटिबॉडी पसंत करतो. बेरीज तरी खरी मिळते. पुस्तिकेत क्रॉस-रिॲक्टिव्हिटीचा (अँटिबॉडी इतर रेणूंना किती पकडते याचा) तक्ता नसेल किंवा त्यात पोनास्टेरोन-ए चे नावच नसेल तर ते किट घेऊ नये.

निकाल लिहितानाही प्रामाणिकपणा हवा. ‘२०-हायड्रॉक्सीएक्डायसोन इतके’ असे न लिहिता ‘२०-हायड्रॉक्सीएक्डायसोन-समतुल्य’ लिहावे. रेणू वेगळे काढायचेच असतील तर द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री हाच मार्ग, आणि तिथेही सावध राहायला हवे: एक्डायसोन आणि पोनास्टेरोन-ए या दोघांचे रेणुसूत्र एकच, रेणुभार सुमारे ४६४.६. नुसत्या वस्तुमानावरून ते वेगळे ओळखता येत नाहीत, स्तंभातून बाहेर पडण्याची वेळही पाहावी लागते.

प्रमाणित द्रावणाची खात्री घरच्या घरी करता येते आणि ती नेहमी करावी. २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन २४२ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते आणि त्याचा मोलर शोषणांक सुमारे १२,४०० आहे. १० मायक्रोमोलर द्रावणाचे एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये वाचन ०.१२ च्या जवळ यायला हवे. खूप कमी आले तर कुपीतली पूड नीट विरघळलेली नाही.

मादीला दिलेला आहारही तपासा. पालकासारख्या काही वनस्पतींत हेच २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन भरपूर असते. वनस्पतिजन्य खाद्य टाकीत कुजत असेल तर अंड्यांच्या पृष्ठभागावरून ते नमुन्यात येऊ शकते. गोठवण्याआधी अंडी गाळलेल्या स्वच्छ पाण्यात दोनदा धुणे एवढाच उपाय आहे आणि तो पुरेसा आहे.

आकडा अंड्यामागे लिहा

उदाहरणादाखल: वीस अंड्यांचा अर्क ०.५ मिलिलिटरमध्ये विरघळवला, दहापट पातळ केला आणि वक्रावरून ०.८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर वाचले. ०.८ गुणिले १० गुणिले ०.५ म्हणजे ४ नॅनोग्रॅम, वीसने भागले की अंड्यामागे २०० पिकोग्रॅम. वाटण्याआधी घातलेल्या ज्ञात संप्रेरकापैकी ८० टक्के परत मिळाले असेल तर दुरुस्त आकडा २५० पिकोग्रॅम. ही परतावा-चाचणी कोवळ्या आणि उशिराच्या अशा दोन्ही अवस्थांवर वेगळी करावी, कारण बलकाचे प्रमाण बदलले की परतावाही बदलतो.

मिलिग्रॅममागे आकडा देण्याची पद्धत भ्रूणांसाठी दिशाभूल करते. अंडे वाढताना पाणी शोषून फुगते, म्हणून ओल्या वजनामागे संप्रेरक घटल्यासारखे दिसते. बलक जळून कोरडे वजन घटते, म्हणून कोरड्या वजनामागे तेच संप्रेरक वाढल्यासारखे दिसते. एकाच नमुन्यांतून दोन उलट निष्कर्ष निघू शकतात. अंड्यामागचा आकडा आणि आडव्या अक्षावर नेत्र-निर्देशांक, एवढेच मांडावे.

समांतरतेची चाचणी सोडू नका: एक मोठा मिश्र अर्क दोन, चार, आठ, सोळापट पातळ करून प्रमाणित वक्राशेजारी ठेवायचा. दोन्ही रेषा समांतर नसतील तर अर्कात काहीतरी आडवे येत आहे, आणि शुद्धीकरणाकडे परत जाण्याला पर्याय नाही.

कोणी घ्यावे

एका प्रजातीचा भ्रूणकाळ पहिल्यांदाच आलेखायचा असेल, अंडी हाताळण्याजोगी मोठी असतील आणि सूक्ष्मदर्शकाखाली बसायची तयारी असेल तर हे किट बिनधास्त घ्या. डॅफ्नियावर एक्डायस्टेरॉइड-विरोधी रसायने तपासणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल. फेनारिमॉल या बुरशीनाशकाने डॅफ्नियातले एक्डायसोन घटते, भ्रूणांच्या शृंगिका आणि कवचाचा काटा नीट घडत नाहीत आणि सोबत २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन दिल्यास हे दोष टळतात, हे दाखवले गेले आहे. मात्र तिथे भ्रूणांची संख्या आधी पुरेशी जमवा. पन्नास भ्रूणांच्या अर्कावर प्लेट लावून वक्राच्या तळाशी चाचपडण्यात काही हाशील नाही. खेकड्यांत नेमके कोणते रेणू आहेत हाच प्रश्न असेल तर किटवर पैसे घालू नका, मास स्पेक्ट्रोमेट्रीची वेळ मिळवा.

खरेदी करताना सगळ्या अभ्यासाला पुरतील इतकी किट एकाच बॅचची मागवा. तसे जमले नाही तर मिश्र अर्काच्या लहान कुप्या उणे ८० अंशांवर राखून ठेवा आणि प्रत्येक प्लेटवर पहिल्या आणि शेवटच्या स्तंभात दुहेरी लावा. चार खळगे जातात, नमुने अठरावरून सतरावर येतात. पण नव्या बॅचची अँटिबॉडी जराशी वेगळी निघाली तर ते याच खळग्यांतून कळते, आणि पहिल्या-शेवटच्या स्तंभांत फरक दिसला तर प्लेट भरायला लागलेला वेळ फार झाला हेही समजते.